ज्वारी काळी का पडते? दाण्याच्या चाळीस दिवसांची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

 

एरवी आपण इथे कोड, ॲप, इंटरव्ह्यू, नोकरी असलं काहीतरी बोलतो. आज विषय आहे ज्वारीचा दाणा. हो, भाकरीतलीच ज्वारी. लगेच पुढचा भाग लावू नका, दहा मिनिटं द्या. कारण या दाण्याने माझी चांगलीच जिरवली आहे, आणि ती कशी जिरवली हे शोधताना मला जे सापडलं ते मी गेल्या वर्षभरात भेटेल त्याला सांगत सुटलोय. मित्र कंटाळले, म्हणून आता तुमची पाळी.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावाकडे बाबा शेती बघतात. आमच्याकडे काळी भारी जमीन, आणि गेली कित्येक वर्षं खरिपात नुसतं सोयाबीन. आजूबाजूलाही तेच. आजी सांगते, पूर्वी पावसाळ्यात या शिवारात माणूस दिसायचा नाही एवढी उंच ज्वारी असायची. आता खरिपाची ज्वारी गावात दोन-चार घरी.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आठवत असेल. सगळीकडे रील्स, ज्वारीचा पास्ता, बाजरीचा केक. मीही भारावलो. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी घरी फोन केला, "बाबा, यंदा एक एकर ज्वारी पेरू. खरिपातच." बाबा म्हणाले, "तू सांगतोस तर पेरू." माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता त्यांनी.

मग मी माझ्या पद्धतीने अभ्यास केला. लॅपटॉपवर तक्ता बनवला. वाणाचं नाव, किती दिवसांत येतो, एकरी उत्पादन किती, बियाण्याचा भाव किती. सगळ्यात लवकर येणारा आणि भरपूर पिकणारा एक संकरित वाण निवडला. साधारण १०५ दिवसांचा. लवकर रान मोकळं होईल, हरभरा वेळेवर पेरता येईल, असा हिशोब. आजी ओट्यावर बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "लेकरा, ही ज्वारी निसवायची कव्हा अन् पाऊस उघडायचा कव्हा, ते बघितलं का?"

मी हसलो. माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी. पीक जोमात. ऑगस्टच्या शेवटी कणसं बाहेर आली, फुलोरा आला. मी व्हिडिओ कॉलवर बघून खूश. सप्टेंबरभर पाऊस. एक दिवस उघडीप, तीन दिवस रिपरिप. कणसं भरत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गावी गेलो आणि बांधावर उभा राहिलो, तर शेत पांढरं दिसायला हवं होतं, ते दिसत होतं राखाडी. जवळ जाऊन कणीस हातात घेतलं. काही दाणे काळे, काहींवर गुलाबी-पांढरी मखमल, आणि खालच्या बाजूला दोन-चार दाण्यांना तर चक्क कोंब आले होते, कणसातच!

एका एकरात सात पोती निघाली. मोंढ्यात आडत्याने मूठ भरून घेतली, तोंडाजवळ नेऊन वास घेतला आणि जो भाव सांगितला तो स्वच्छ ज्वारीच्या निम्म्याहून कमी होता. बाबा काही बोलले नाहीत. तीन पोती त्यांनी परत आणली, घरी खायला म्हणून. ती पोती बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. नुकसान झालं ते झालं, पण हे आई दळणार आणि आम्ही खाणार? चालतं का ते? मला उत्तर माहीत नव्हतं. तिथून माझं वाचन सुरू झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

माझी समजूत काय होती? दाणा म्हणजे एक निर्जीव पिशवी. पाऊस आला, भिजली, बुरशी लागली. ब्रेडला लागते तशी. पण शेतातला दाणा ब्रेडसारखा नसतो. तो जिवंत असतो, आणि फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंत, म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस दिवस, तो बुरशीशी भांडत असतो. कधी जिंकतो, कधी हरतो. आपल्याला काळा दाणा दिसतो तेव्हा भांडण कधीच संपलेलं असतं.

सुरुवात फुलोऱ्यापासून. ज्वारीचं कणीस वरून खाली फुलत येतं. शेंड्याची फुलं आधी, बुडाची शेवटी, मध्ये आठवडाभराचं अंतर. हवेत बुरशीचे बीजाणू कायमच असतात. ज्वारीच्या दाण्यावर प्रामुख्याने दोन मंडळी येतात, फ्युजेरियम आणि कर्व्ह्युलारिया. शिवाय अल्टरनेरिया, फोमा वगैरे इतर पुष्कळ. गुलाबी-पांढरी मखमल असेल तर बहुधा फ्युजेरियम, काळी असेल तर बहुधा कर्व्ह्युलारिया. फुलं ओली असली की बीजाणू रुजतात. कुठे? दाण्याला धरून ठेवणारी जी तुसं असतात त्यांच्या आत. तिथून ही बुरशी धाग्यासारखी सरकत दाण्याच्या बुडाशी येते.

बुडाशीच का? कारण दाण्याला जेवण तिथूनच मिळतं. पानांत बनलेली साखर ताटातून, कणसातून येऊन त्या बुडाच्या बारीक जागेतून दाण्यात शिरते. बुरशीला दुसरीकडे भोक पाडत बसण्यापेक्षा पुरवठ्याच्या दारात उभं राहणं सोयीचं.

म्हणजे लक्षात घ्या, ऑक्टोबरमध्ये मला जे काळं दिसलं त्याची लागण ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली होती. मी व्हिडिओ कॉलवर "वा, काय कणसं आलीत" म्हणत होतो तेव्हा.

मग दाणा काय करतो? पाच गोष्टी सांगतो. यातल्या काही आधीपासून तयार असतात, काही हल्ला झाल्यावर सुरू होतात.

पहिली गोष्ट, भिंत. दाण्याला बाहेरची साल असते. काही ज्वारींमध्ये तिच्या आत आणखी एक रंगीत थर असतो. त्या थरात टॅनिन भरलेलं असतं. टॅनिन म्हणजे कच्चं केळं किंवा बिब्ब्याचं फूल खाल्ल्यावर जीभ जी आकसते, तो तुरटपणा. बुरशीला तो मानवत नाही. पक्ष्यांनाही नाही. आफ्रिकेत अशी तपकिरी तुरट ज्वारी बरीच पिकवतात, तिची बिअर करतात. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, लाल दिसणाऱ्या प्रत्येक ज्वारीत टॅनिन असतंच असं नाही. सालीचा रंग वेगळा आणि आतला टॅनिनचा थर वेगळा.

दुसरी गोष्ट, रसायनं. ज्वारीच्या ताटावर, पानावर जांभळट-लाल डाग तुम्ही पाहिले असतील. आपण म्हणतो रोग पडला. पण तो लाल रंग पुष्कळदा रोगाचा नसतो, झाडाने दिलेल्या उत्तराचा असतो. पानांवर याचा फार सुंदर अभ्यास झालाय, १९९० च्या आसपासचा. बुरशी पेशीत शिरायला लागली की त्या पेशीत बारीक थेंबासारख्या पिशव्या तयार होतात. त्या बुरशी जिथे शिरतेय त्या ठिकाणाकडे सरकतात, आधी रंगहीन असतात, मग लाल होतात, आणि तिथे फुटतात. बुरशीही मरते आणि ती पेशीही मरते. शेजारच्या पेशी वाचाव्यात म्हणून एकीने जीव द्यायचा. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं नुसता बसलो होतो, खरं सांगतो. दाण्याच्या सालीत आणि तुसांत याच घराण्यातली रसायनं असतात, आणि ज्या वाणांच्या सालीत ती जास्त, ते वाण बुरशीला जास्त टिकतात असं दिसून आलंय.

तिसरी गोष्ट, प्रथिनं. ही मला सगळ्यात आवडली. बुरशीच्या अंगाची भिंत कायटिन आणि ग्लुकॅन या पदार्थांची असते. कायटिन म्हणजे झिंग्याच्या, खेकड्याच्या कवचात असतं तेच. आता ज्वारीच्या दाण्याला ना खेकडा माहीत ना झिंगा, तरी तो कायटिन कापणारं एन्झाइम बनवतो. ग्लुकॅन कापणारं दुसरं बनवतो. तिसरं एक प्रथिन आहे, त्याचं नाव सॉर्मेटिन. ते बुरशीच्या पेशीचा पडदा पोखरतं. दाणा भरत जातो तशी ही प्रथिनं वाढत जातात. जिथे बुरशीचा जोर असतो तिथे टिकाऊ वाणांच्या दाण्यांत ती जास्त सापडली, आणि नाजूक वाणांत कमी. म्हणजे शस्त्रं दोघांकडे असतात. वेळ आल्यावर ती पुरेशी काढायची आणि टिकवायची कशी, यात फरक पडतो.

चौथी गोष्ट, कणखरपणा. दाणा फोडून पाहिलात तर बाहेरचा भाग काचेसारखा कडक आणि मधला पिठूळ दिसतो. कडक भाग जास्त असला की बुरशीला आत शिरायला वेळ लागतो. पांढऱ्या ज्वारीत टॅनिन नसतं, म्हणून तिच्यासाठी हा कणखरपणा फार महत्त्वाचा.

आणि पाचवी गोष्ट, दार लावून घेणं. दाणा पूर्ण भरला की त्याच्या बुडाशी एक काळा ठिपका येतो. पुरवठ्याची वाट तिथे कायमची बंद होते. शेतीवाले याला पक्वतेची खूण मानतात. पण लवकर लागण झाली तर हा ठिपका वेळेआधीच येतो. दाणा पुरता भरलेला नसतो आणि दार बंद. मग तो छोटा, हलका, सुरकुतलेला राहतो. आमची सात पोती का निघाली, जास्त का नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. बुरशीने दाणे खाल्ले ते वेगळंच, पण बरेच दाणे भरलेच नव्हते.

आता इथे गोष्टीला वळण आहे. ही सगळी लढाई दार बंद होईपर्यंतची. काळा ठिपका आला की बाहेरून काहीच येत नाही. साखर नाही, नवा माल नाही. त्या वेळी दाण्यात साधारण तीस-पस्तीस टक्के पाणी असतं, आणि यापुढे त्याला फक्त वाळायचं असतं. आतला अंकुर जिवंत असतो पण झोपायच्या तयारीत. बुरशीविरोधी प्रथिनंही आता कमी व्हायला लागतात. कोरडं ऊन असेल तर काही बिघडत नाही, कारण वाळलेल्या दाण्यावर बुरशीही वाढू शकत नाही.

पण याच वेळी पाऊस आला तर?

तर झोपायला निघालेल्या दाण्याला वाटतं, पेरणी झाली. पाणी मिळालं, उगवा! तो आतल्या स्टार्चची साखर करायला लागतो. ते कोंब, जे मी पाहिले. साखर झाली की बुरशीला आयतं पक्वान्न. शिवाय स्टार्च तुटल्यामुळे अशा पिठाची भाकरी थापताना चिरते, चिकटपणा राहत नाही. आई म्हणत होती, "पिठाला वसच नाही." तिला एन्झाइमचं नाव माहीत नाही, पण परातीत तेच दिसत होतं.

इथपर्यंत वाचलं आणि मला प्रश्न पडला. हे सगळं एवढं नाजूक आहे, तर आजीच्या काळात पावसाळ्यातली ज्वारी काळी का पडत नव्हती? पडत असेल थोडीफार, पण पीकच्या पीक वाया जाणं असं आजीला आठवत नाही. त्यांची ज्वारी तर पांढरीच होती. टॅनिन नाही, तुरट थर नाही.

उत्तर ऐकून मला माझ्या तक्त्याची लाज वाटली.

गावरान खरीप ज्वारी दिवस मोजून फुलोऱ्यावर येत नव्हती. ती उजेड मोजत होती. दिवस लहान व्हायला लागले, रात्र मोठी झाली की मगच तिला निसवायची बुद्धी व्हायची. जूनमध्ये पेरा, जुलैत पेरा, पेरणी पुढेमागे झाली तरी फुलोरा साधारण एकाच सुमाराला, पाऊस उतरणीला लागल्यावर. आपल्याकडे पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. म्हणजे दाणा भरायचे ते चाळीस दिवस कोरड्या हवेत, हिवाळ्याच्या तोंडावर. बुरशीशी भांडायची वेळच यायची नाही. त्या पांढऱ्या ज्वारीचं चिलखत सालीत नव्हतं, पंचांगात होतं. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी स्वच्छ कणसं बियाण्यासाठी बाजूला ठेवली, त्यातून हे आपोआप निवडलं गेलं असणार.

मग १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. बुटकी, लवकर येणारी, भरपूर पिकणारी. आपल्याकडे ती घराघरात "हायब्रीड" म्हणून ओळखली गेली. तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला, त्यानंतर लोकांच्या पोटात अन्न घालण्यात या वाणांचा मोठा वाटा आहे. आजीच सांगते, हायब्रीडची भाकरी आवडायची नाही, पण ती होती म्हणून जेवलो. पण ही ज्वारी उजेड बघत नव्हती. पेरल्यापासून ठरावीक दिवसांत फुलणार म्हणजे फुलणार. पाऊस असो नसो. आणि ते दिवस बरोबर भर पावसात यायला लागले. ज्याला इंग्रजीत ग्रेन मोल्ड म्हणतात, ती दाण्यावरची बुरशी आपल्याकडे मोठा प्रश्न बनली ती या बदलानंतर.

म्हणजे पंचांग काढून घेतलं आणि चिलखत दिलंच नाही. चिलखत द्यायचं म्हटलं तर ते तुरट, आणि टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं त्यामुळे पचायलाही अडचण. आपल्याला हवी पांढरी, गोड, मऊ भाकरी. संशोधक गेली पन्नासेक वर्षं याच पेचात काम करतायत. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे, तिथे हजारो वाण पावसाच्या फवाऱ्याखाली मुद्दाम भिजवून तपासले गेले. आपल्या परभणीच्या विद्यापीठाने "परभणी श्वेता" नावाचा पांढऱ्या दाण्याचा वाण काढलाय, जो बुरशीला तुलनेने सहन करतो. गंमत बघा, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हे काम चाललेलं, आणि मी पुण्यात बसून एकरी उत्पादनाच्या रकान्यावर उतरता क्रम लावत होतो.

रब्बीची ज्वारी, आपली मालदांडी, हिला हा त्रास जवळपास नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्वातंत्र्याआधी निवडलेला तो वाण आजही लोक शोधून घेतात. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, थंडीत भरते, कोरड्यात पिकते. तिचा दाणा मोत्यासारखा दिसतो त्यात वाणाचा गुण आहेच, पण हवामानाचाही आहे. तुम्ही हुरडा पार्टीला जाता ना, डिसेंबर-जानेवारीत? तो हुरडा म्हणजे दार बंद व्हायच्या आधीचा दाणा. गोड लागतो कारण साखर अजून स्टार्च व्हायची आहे. भर पावसाळ्यात तसला दाणा बुरशीलाही तितकाच गोड लागतो.

आता ती तीन पोती. खायची की नाही?

हे मी गांभीर्याने सांगतोय. सगळीच बुरशी विषारी नसते, पण काही बुरशा विष बनवतात. फ्युजेरियमच्या काही जाती फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करतात. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्रातल्या काही गावांत, पावसात भिजलेली बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड, जुलाब असा त्रास झाला. तपासात त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. खाणं थांबवल्यावर लोक बरे झाले. त्याहून भयंकर घटना १९७४ ची. राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल या भागांत भिजलेल्या मक्यावर वेगळी बुरशी वाढली, तिने अफ्लाटॉक्सिन तयार केलं. सुमारे चारशे माणसं काविळीने आजारी पडली, शंभरावर दगावली. बहुतेक गरीब आदिवासी कुटुंबं, ज्यांच्याकडे त्या मक्याशिवाय दुसरं खायला नव्हतं. गावातली कुत्रीही तशाच आजाराने मेली होती.

ही विषं भाजल्याने, शिजवल्याने पुरती जात नाहीत. तव्यावरची भाकरी कितीही फुगली तरी. आणि रंगावरून विष मोजता येत नाही. खूप काळा दाणा कमी विषारी असू शकतो, आणि वरून बरा दिसणाऱ्यात फ्युजेरियम असू शकतो. म्हणून "एवढी काही काळी नाही" या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

मी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढं धान्य फेकून द्यायचं का?" तिच्या आवाजात जे होतं ते तुम्हाला इथून नाही सांगता येणार. धान्य टाकणं तिच्या दृष्टीने पाप आहे. आम्ही दोन दिवस बसलो. आजी, आई आणि मी. आजीने सुपात घेऊन पाखडलं. हलके, सुरकुतलेले दाणे आधी उडाले. ते सगळ्यात जास्त किडलेले असतात, हे नंतर मी वाचलं, आजीला आधीच माहीत होतं. मग काळे, गुलाबी, कोंब आलेले हाताने निवडले. दुपारपर्यंत माझे डोळे दुखायला लागले. तीन पोत्यांमधून एका पोत्याहून थोडं जास्त असं धान्य निघालं, जे स्वच्छ म्हणता येईल.

तरीही ते आम्ही खाल्लं नाही. निर्णय माझा होता. घरात भावाची दोन वर्षांची मुलगी आहे, आणि तपासणी केल्याशिवाय मला खात्री देता येत नव्हती. जनावरांनाही ते घातलं नाही. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. खड्ड्यात टाकताना बाबा फक्त एवढंच म्हणाले, "कडबा तरी चांगला निघाला." तो खरंच चांगला निघाला होता. दोन म्हशींना उन्हाळाभर पुरला.

तर ज्यांच्या घरी शेती आहे, किंवा ज्यांना माझ्यासारखं अचानक ज्वारीचं प्रेम आलंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, वाण निवडताना "किती दिवसांत येतो" एवढंच बघू नका. तुमच्या पेरणीच्या तारखेपासून फुलोऱ्याची तारीख काढा, त्यात चाळीस दिवस मिळवा, आणि तेवढ्या काळात तुमच्या गावात पाऊस असतो का ते बघा. वहीत दोन ओळींचं गणित आहे.

दोन, खरिपातच घ्यायची असेल तर बुरशीला सहनशील वाण कुठला, ते कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मोकळ्या कणसाचे वाण गच्च कणसाच्या मानाने लवकर वाळतात.

तीन, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक शेतात वाळायची वाट बघू नका. झाडाकडून मिळायचं ते मिळून झालेलं असतं. पाऊस येईल असं वाटत असेल तर कणसं कापा, छपराखाली किंवा ताडपत्रीवर पसरून वाळवा, मग मळणी करा. साठवताना दाण्यात १२ टक्क्यांच्या वर ओल नको.

चार, बुरशी आलेलं धान्य स्वच्छ धान्यात मिसळून "खपवून" टाकू नका. विकतानाही नाही, घरातही नाही.

शेवटी एकच सांगतो. यंदा पेरणीच्या आधी मी पुन्हा तक्ता काढला. नवा रकाना टाकला, "दाणा भरायचे चाळीस दिवस". आजीला बोलावलं आणि विचारलं, "आता बघ, बरोबर आहे का?" तिला अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "अन् औंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला तर?"

त्या रकान्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाऊस परतायचा मुहूर्त हल्ली कोणाच्याच हातात राहिलेला नाही. अर्ध्या एकरात परभणी श्वेता पेरलीय, उरलेल्या अर्ध्यात सोयाबीन. ताडपत्री आधीच विकत आणून ठेवलीय. फुलोरा आला की कळवतो.

तुमच्या घरी काळ्या ज्वारीचा अनुभव असेल, आजी-आजोबांकडून जुन्या वाणांबद्दल काही ऐकलं असेल, तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. निवडक पुढच्या भागात लावू. आणि आज रात्री जेवताना ताटात भाकरी असेल, तर ती पांढरी कशी राहिली याचा एकदा विचार करा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरी फोन करा.